जोडीने नाचताना गाण्याचा अर्थ चुकू शकतो का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझे पती सोलापुरात होटगी रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या वर्गात साल्सा आणि बचाटा ही लॅटिन अमेरिकी जोडीनृत्ये शिकत आहोत. मागच्या महिन्यात सरावाच्या वेळी एका गाण्यात गायकाने स्वर बराच लांबवला, तसे माझे पती जागच्या जागी थांबले. कोंगा हा हाताने वाजवायचा उंच ढोल आणि काउबेल ही धातूची घंटा मात्र वाजतच होती, म्हणून मी पुढचे पाऊल टाकले आणि आमचे हात चांगलेच ओढले गेले. शिक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितले की, त्यांनी संगीताचा चुकीचा अर्थ लावला. घरी येताना सोबतच्या एका मित्राने मात्र त्यांची बाजू घेतली. कलेत चूक-बरोबर असे काही नसते, ज्याला जसे वाटेल तसे त्याने नाचावे, असे त्याचे मत पडले. मी लहानपणी कथक शिकले आहे, त्यामुळे सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, चुकली तर ती चूकच, हे माझ्या अंगात मुरलेले आहे. येथे मात्र सम कोठे आहे, हेच मला अनेकदा कळत नाही. यात कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून आधी निकाल सांगतो आणि कारणे नंतर देतो. आपल्या पतींनी लावलेला अर्थ चुकीचा नव्हता. तो आपल्यापर्यंत वेळेवर पोचला नाही, एवढेच झाले. त्यामुळे शिक्षकांनी दिलेले कारण मला मान्य नाही. मित्राचे म्हणणे त्याहूनही कमी मान्य आहे, कारण जोडीच्या नृत्यात संगीताचा अर्थ निखालस चुकू शकतो आणि तो चुकला आहे, हे ध्वनिमुद्रण पुन्हा लावून दाखवताही येते.

समेपासून सुरुवात करू. कथकात सम हुडकत बसावे लागत नाही. तीनतालाच्या १६ मात्रा फिरून आल्या की तबल्याचा ‘धा’ आणि लेहऱ्याची, म्हणजे साथीला फिरत राहणाऱ्या सुरावटीची, ओळ दोन्ही समेवर येऊन उतरतात, आणि ‘खाली’ या आवर्तनातील हलक्या भागात डग्गा गप्प झाल्यामुळे समेची चाहूल त्याआधीच लागलेली असते. साल्साच्या संगीतातील व्यवस्था जवळजवळ याच्या उलट आहे. नर्तक ज्या ८ मात्रा मोजतात, त्यांतील पहिली मात्रा बास वाजवणारा पुष्कळदा रिकामी सोडतो. त्याचे ठोके दुसऱ्या मात्रेनंतरच्या अर्ध्यावर आणि चौथ्या मात्रेवर पडतात, आणि चौथीवरचा स्वर पुढच्या मात्रेवर तसाच रेंगाळतो. कोंगाचे मोकळे, घुमणारे दोन ठोकेही चौथीवर आणि चौथीनंतरच्या अर्ध्यावरच येतात. परिणाम असा होतो की, तबल्यावर तयार झालेला कान चौथी मात्रा ठळक ऐकतो आणि तिलाच सम समजून चालू लागतो. हे आपल्याच बाबतीत घडत असेल असे नाही. नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांचे पहिले काही महिने यातच जातात. याखेरीज क्लावे नावाचा पाच ठोक्यांचा आकृतिबंध दोन बारांवर, म्हणजे चार-चार मात्रांच्या दोन गटांवर, पसरलेला असतो, त्याच्या एका बाजूस तीन ठोके असतात आणि दुसऱ्या बाजूस दोन. कोणती बाजू आधी येणार हे गाण्यावर अवलंबून असते, आणि कित्येकदा तो कोणीही प्रत्यक्ष वाजवत नसतो. बाकीची वाद्ये तो मनात धरून वाजत असतात. चौथीला पहिली मानणारा नर्तक या सगळ्या रचनेपासून एका मात्रेने सरकलेला असतो. त्याला कितीही आनंद होत असला, तरी तो चुकलेला आहे. येथे आवडीनिवडीला जागा नाही.

यानंतरचा थर संकेतांचा आहे, आणि वर्गांमध्ये सर्वाधिक गोंधळ मला तेथेच आढळतो. लॉस एंजेलिसच्या धाटणीत दिशा बदलणारे पाऊल पहिल्या मात्रेवर पडते. नृत्यशिक्षक एडी टोरेस यांच्यामुळे जगभर पसरलेल्या न्यूयॉर्कच्या धाटणीत ते दुसऱ्या मात्रेवर येते आणि कोंगाच्या चापटीच्या ठोक्याशी जुळते. दुसरीवर नाचणारे पुष्कळ जण पहिलीवाल्यांना संगीत कळत नाही असे म्हणतात, आणि पहिलीवाले त्यांना शिष्ट समजतात. दोन्ही धाटण्या संगीतात धरून राहतात, फक्त त्यांचा आधार वेगवेगळा आहे. मात्र जोडीतील एकाने एक धाटणी आणि दुसऱ्याने दुसरी धरली, तर नवरात्रात टिपऱ्या खेळताना समोरच्याची टिपरी खाली असताना आपण वर मारावी, तसे होते. याला चूक म्हणायचे असेल तर अवश्य म्हणावे, परंतु ती संगीताचा अर्थ लावण्यातील चूक नव्हे. आपसांत ठरवायचे राहून गेले, एवढाच तिचा दोष.

आता प्रत्यक्ष आपल्या प्रसंगाकडे येतो. गायकाने स्वर लांबवला आणि त्याच वेळी कोंगा चालू राहिला, म्हणजे संगीतातच एका वेळी दोन गोष्टी घडत होत्या. एकाने आवाज धरला, दुसरीने चामडे धरले. दोन्ही ऐकणे खरे होते. ज्याला हे शाब्दिक कसरतीसारखे वाटेल, त्याने अर्जेंटिनाच्या टँगोकडे वळावे, कारण तेथे या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झाला आहे. तेथील मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगो नाचण्याच्या मेळाव्यांमध्ये, शेवटी ‘ला कुंपारसिता’ ही रचना लावण्याची रीत आहे आणि ती जवळपास प्रत्येक नामवंत वाद्यवृंदाने मुद्रित केलेली आहे. हुआन दारिएन्सो यांना तालाचा राजा म्हणत. त्यांच्या वादनात ठोका इतका तुटक आणि टोकदार असतो की, पाय आपोआप छोटी, चपळ पावले टाकू लागतात. कार्लोस दी सार्ली यांच्याकडे तीच सुरावट व्हायोलिनच्या लांब ओळींवर पसरते आणि पावलेही लांब होतात. ओस्वाल्दो पुग्लिएसे ठोका ओढून आणतात, मध्येच हवा धरून ठेवल्यासारखे थबकतात आणि मग पूर्ण वजनाने खाली येतात. रचना एकच असली, तरी दारिएन्सोच्या मुद्रणावर कोणी पुग्लिएसेच्या थबकण्याने नाचू लागला, तर जाणकार त्याला चुकला असेच म्हणतील आणि ते बरोबर असेल. म्हणूनच तेथे एकाच वाद्यवृंदाच्या तीन-चार रचना सलग लावतात, आणि कोणता वाद्यवृंद लागला आहे ते ऐकून मग पुष्कळ जण आपला जोडीदार निवडतात. दारिएन्सोसाठी एक, पुग्लिएसेसाठी दुसरा. त्याच वेळी, दी सार्लीच्या एका ओळीत व्हायोलिन धरावे की त्यांचा स्वतःचा पियानो, हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. मर्यादा मुद्रणाने घातलेली असते आणि तिच्या आत बरीच मोकळी जागा असते. आपल्या पतींचे थांबणे त्या मोकळ्या जागेत बसणारे होते.

मग हात का ओढले गेले? गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना एकाचा हात चुकला, तर लेझीमच बोभाटा करते, कारण नाचणाऱ्याच्या हातातच वाद्य असते. साल्साची जोडी निःशब्द असते. तेथे चूक फक्त तळहातांना आणि खांद्यांना कळते, आणि नेमके तेथेच आपल्याला ती कळली. एकट्याने नाचणाऱ्याला जे सुचले ते लगेच करण्याची मोकळीक असते; जोडीत मात्र सुचणे आणि करणे यांच्यामध्ये दुसऱ्या माणसाचे शरीर आहे, आणि त्याला कळायला थोडा अवधी लागतो. लीड करणाऱ्याने, म्हणजे जोडीत पुढाकार घेऊन दिशा देणाऱ्याने, थांबण्याचा विचार थांबण्याच्या क्षणी कळवला, तर तो उशिराच पोचतो. साल्साच्या बेसिकमध्ये, म्हणजे मूळ पावलांत, चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल नसते, ही जागा थांबण्यासाठी आयती मिळालेली आहे. पाच-सहा-सातवर पावले लहान करावीत, पुढच्या बाहूंमधील ताण किंचित वाढवावा, सातव्याला वजन एका पायावर पूर्ण उतरवावे आणि आठव्यापासून थांबावे. एवढे झाले की समोरच्या व्यक्तीला न बोलता कळते. मनातली मोजणी मात्र चालूच ठेवावी, नाहीतर पुन्हा सुरू होताना पहिली मात्रा हरवते. त्यासाठी तोच कोंगा उपयोगी पडतो, जो आपण ऐकत होतात.

यावर कोणी विचारील की, अनोळखी गाण्यात स्वर लांबणार हे आधी कसे कळावे? पुष्कळदा कळते. या संगीतातील ओळी बहुधा आठ-आठच्या चार गटांनी, म्हणजे ३२ मात्रांनी पूर्ण होतात आणि ब्रेक, म्हणजे वाद्ये क्षणभर थांबण्याच्या जागा, लांबलेले स्वर किंवा वाद्यांचा बदल या ओळींच्या शेवटाकडे येतात. सम ऐकू येऊ लागल्यावर हे ३२ चे आवर्तन ऐकण्याची सवय करावी. तरीही कधी अंदाज हुकेल. गाण्याचा एखादा भाग विषम बारांचा असतो आणि आपण अचानक पहिलीऐवजी पाचव्या मात्रेवर येऊन पडतो. अशा वेळी घाईने पाय बदलून घेण्यापेक्षा एखाद-दुसरे आवर्तन तसेच जाऊ द्यावे आणि सोयीच्या जागी सावरून घ्यावे, असे मी सुचवीन.

आपल्या बाजूनेही एक गोष्ट करता येईल. फॉलो करणारी, म्हणजे लीडला प्रतिसाद देणारी, व्यक्ती म्हणजे दुसऱ्याचा अर्थ मुकाट्याने पार पाडणारी व्यक्ती, असा एक समज वर्गांतून पसरलेला दिसतो आणि तो मला पटत नाही. फिरकी संपवताना शेवटचे पाऊल किंचित मागे रेंगाळू देणे, मोकळ्या हाताने व्हायोलिनची ओळ पूर्ण करणे, एखादा संथ भाग अंगाने अधिक संथ करून समोरच्याला तो ऐकायला लावणे, हे सर्व फॉलो करणाऱ्याच्या हातात असते. ज्या दिवशी आपण कोंगा धरला, त्या दिवशी तो आपल्या पतींनाही हातातून ऐकू आला असता, तर कदाचित त्यांनीच थांबणे आखूड केले असते.

आता आपल्या मित्राच्या मताविषयी. ‘ज्याला जसे वाटेल तसे’ हे तत्त्व एकदा मानले की, अमक्याला संगीत छान कळते असेही म्हणता येत नाही. निंदेबरोबर स्तुतीही जाते. मी त्यांना एक छोटा प्रयोग करायला सांगेन. एखाद्या जोडीचे चित्रीकरण आवाज बंद करून पाहावे आणि त्यावर त्याच लयीचे दुसरे गाणे लावावे. नाच तितकाच जुळलेला वाटला, तर त्या जोडीने पहिल्या गाण्याचा काहीच अर्थ लावला नव्हता, नुसती लय पकडली होती. ही चूक नव्हे, पण अर्थही नव्हे. बचाट्यात असे विशेष होते, कारण तेथे सगळे जण चौथ्या मात्रेवरच्या टॅपवर, म्हणजे पायाच्या हलक्या टेकण्यावर, इतके विसावतात की, कडव्यात, धृपदात आणि केवळ वाद्यांच्या भागात बोंगो या छोट्या जोड-ढोलाची चाल बदलते, हे वर्षानुवर्षे कानाआड राहते. शिवाय बहुसंख्य बचाटा-गीते विरहाची असतात आणि आपल्याकडे ती लग्नाच्या वरातीच्या चेहऱ्याने नाचली जातात. स्पॅनिश येत नाही हे कारण समजण्यासारखे आहे. गाण्याच्या शब्दांचा अर्थ शोधायला आता फारसा वेळ लागत नाही, हेही तितकेच खरे.

याच्या उलट टोकाचा दोष मला अधिक खटकतो, तो म्हणजे प्रत्येक ठोक्यावर काही तरी करून दाखवणे. ट्रम्पेट वाजला की हात वर, काउबेल वाजली की खांदा, गायकाने श्वास घेतला की मान. यातली एकही गोष्ट संगीताविरुद्ध नसते आणि तरी नाच पाहवत नाही, कारण ऐकणाऱ्याने कशाचीही निवड केलेली नसते. बैठकीच्या लावणीत एकच ओळ चार तऱ्हांनी दाखवणारी कलावंत प्रत्येक तऱ्हेसाठी ती ओळ नव्याने घेते, चारही भाव एकाच वेळी चेहऱ्यावर आणत नाही.

आपण कथक शिकला आहात, म्हणून आणखी एक उदाहरण आपल्याला सोपे जाईल. वेस्ट कोस्ट स्विंग या अमेरिकी नृत्यप्रकारात अनेक आकृत्या ६ मात्रांच्या असतात आणि संगीताचे गट मात्र ८ मात्रांचे. पहिली आकृती संपते तेव्हा संगीताच्या २ मात्रा उरलेल्या असतात, दुसरी संपते तेव्हा ४, आणि तिऱ्हाइताला वाटते की, जोडी भरकटली. चौथी आकृती संपते तेव्हा २४ मात्रा झालेल्या असतात आणि दोन्ही हिशेब एकत्र येतात. तिहाईचे, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायच्या बोलांचे, माप ती समेवर येईपर्यंत काढता येत नाही, हे आपण जाणताच. एका क्षणाकडे बोट दाखवून ‘चुकले’ म्हणणाऱ्या शिक्षकाने एवढी कळ काढायला हवी होती.

प्रश्न : अर्थ लावण्यात एवढी मोकळीक असेल, तर स्पर्धेत परीक्षक गुण कशाच्या आधारे देतात? माझ्या मुलीच्या जोडीला एका महाविद्यालयीन स्पर्धेत ‘म्युझिकॅलिटी कमी’, म्हणजे संगीताची जाण कमी, असा शेरा मिळाला आणि त्याचे कारण कोणी सांगितले नाही.
— एक पालक, अक्कलकोट

उत्तर : कारण न सांगता दिलेला असा शेरा निरुपयोगी आहे, याबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. जागतिक डान्सस्पोर्ट महासंघाच्या गुणपद्धतीत तंत्राची गुणवत्ता, संगीताशी जुळलेली हालचाल, जोडीदारांतील समन्वय आणि रचना व सादरीकरण असे चार वेगळे घटक आहेत आणि त्यांना स्वतंत्र गुण दिले जातात. संगीताच्या घटकात पहिली पाहणी अगदी कोरडी असते. स्पर्धेतील रुंबाची पावले दोन-तीन-चार-एक अशी पडायला हवीत. जोडीने एक-दोन-तीन धरले, तर तिच्या भावदर्शनाची चर्चाच पुढे सरकत नाही. त्यानंतर ओळींची सुरुवात-शेवट कळला आहे का, संगीतातील चढउतार अंगात दिसतो का, हे पाहिले जाते.

बॉलरूम आणि लॅटिनच्या नेहमीच्या स्पर्धांमध्ये कोणते गाणे लागणार हे जोडीला आधी ठाऊक नसते, त्यामुळे बसवलेल्या आकृत्या त्याच क्षणी ऐकलेल्या गाण्यावर बेतणे हे खरे कौशल्य ठरते. महाविद्यालयीन स्पर्धेत जोडी बहुधा स्वतःचे गाणे पेनड्राइव्हवर घेऊन जाते, म्हणजे तिला ते महिनाभर ऐकायला मिळालेले असते. साहजिकच परीक्षकाची अपेक्षा वाढते. मुलीला एवढेच विचारावे की, ते गाणे बदलून त्याच लयीचे दुसरे लावले असते, तर रचनेतील कोणती जागा बिघडली असती? तिला दोन-तीन जागा चटकन दाखवता आल्या, तर शेरा अन्यायाचा होता असे मानायला हरकत नाही.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाच्या संगीत समारंभात नवरा-नवरी दादरा तालातील एका मराठी भावगीतावर वॉल्ट्झ हे पाश्चात्त्य जोडीनृत्य करणार आहेत. गाणे प्रत्यक्ष गायले जाणार असून साथीला तबला आहे. आमच्या ओळखीच्या तबलजींनी ‘दादरा म्हणजे वॉल्ट्झ नव्हे, हे चुकीचे दिसेल’ असे सांगितल्याने सगळे खट्टू झाले आहेत.
— एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : तबलजींचे म्हणणे झिडकारू नये, ते अर्ध्याहून अधिक बरोबर आहे. वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांचा प्रत्येक बार सारखाच असतो, पहिली मात्रा वजनदार आणि पुढच्या दोन हलक्या. दादऱ्याच्या ‘धा धी ना, धा ती ना’ या ६ मात्रांत मात्र दोन असमान अर्धे आहेत. चौथ्या मात्रेवर खाली मानतात आणि ‘ती’ आला की डग्ग्याचे वजन निघून जाते. परंतु वॉल्ट्झची साधी चौकटही ६ पावलांचीच आहे. लीड करणारा पहिल्या मात्रेवर डावा पाय पुढे टाकतो आणि चौथीवर उजवा पाय मागे घेतो. म्हणजे समेवर पुढे आणि खालीवर मागे, असे आवर्तन आपोआप जुळून येते, आणि गाणे जणू याच पावलांसाठी बांधले आहे असे वाटावे.

धोका इतकाच की, सुरुवात तीन मात्रांनी उशिरा झाली, तर जोडी समेवर मागे आणि खालीवर पुढे जात राहील. वॉल्ट्झच्या नियमाने त्यात काहीच चूक नाही, कारण त्याच्या लेखी सगळे बार समान आहेत. मंडपात बसलेल्या ज्या पाहुण्यांचे कान दादऱ्यावर पोसलेले आहेत, त्यांना मात्र काही तरी उलटे चालले आहे, हे जाणवेल आणि त्यांचे जाणवणे खरे असेल. तेव्हा नवरदेवाने मुखड्याची सम नेमकी कोणत्या अक्षरावर आहे, ते गायिकेकडून समजून घ्यावे आणि त्याच अक्षरावर पहिले पाऊल टाकावे. भावगीताचा मुखडा पुष्कळदा समेच्या आधीच सुरू होतो, त्यामुळे पहिल्या शब्दाबरोबर निघू नये.

दुसरी काळजी लयीची घ्यावी. स्पर्धेतील संथ वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बारांचा, म्हणजे ८४ ते ९० मात्रांचा असतो आणि व्हिएनीज वॉल्ट्झ ५८ ते ६० बारांचा, म्हणजे १७४ ते १८० मात्रांचा. मोबाइलवरच्या मेट्रोनोमने आपल्या गाण्याची लय मोजून पाहावी. ती १२० च्या आसपास निघाली, तर संथ वॉल्ट्झची उंच-सखल हालचाल पुरी करायला वेळ मिळणार नाही आणि व्हिएनीजसाठी ती फारच रेंगाळेल. गाणे प्रत्यक्ष गायले जाणार असल्याने गायिका आणि तबलजी यांच्याकडून लय ९० पर्यंत उतरवून घेता येईल. भावगीताला तेवढी ठाय लय सोसत नसेल, तर फिरक्या वगळून नुसती चौकट आणि हात सोडून घेतलेले एखादे वळण एवढ्यावरच बसवावे. तबलजींना एका तालमीला बोलावून खाली थोडी उठावदार वाजवायला सांगितले, तर नवरदेवाला मागे जाण्याची वेळ मोजावी लागणार नाही.